समोरचे दात आणि अनेक हात

लग्नाची तारीख ठरली की घरातील एकेक गोष्ट नीटनेटकी करण्याची घाई उडते. भिंतींना रंग लागतो, कौले शाकारली जातात, कापड शिंप्याकडे जाते. आणि अलीकडे ह्या यादीत नवरीचे, क्वचित नवऱ्याचेही, दात आले आहेत. ख्रिस्तमंदिरात लग्नाची घोषणा तीन रविवारी व्हावयाची, तेवढ्या अवधीत तालुक्याच्या गावी जाऊन समोरचे चार-सहा दात ‘नीट करून’ आणावयाचे, असा बेत पुष्कळ घरी होतो. दात वाकडे असोत, विरळ असोत, एखादा काळा पडलेला असो, की हसताना हिरडी फार दिसत असो. सर्वांवर उपाय एकच सांगितला जातो. दात तासून बारीक करावयाचे आणि त्यांवर पांढरीशुभ्र कॅप चढवावयाची. आठवड्यात काम पुरे, आणि लग्नाच्या फोटोत दात मोत्यांसारखे!

सुंदर दिसण्याच्या इच्छेस आम्ही नावे ठेवीत नाही. बोलताना ओठ आवळून धरणारी, हसू आले की तोंडावर हात नेणारी मुलगी आम्ही पाहिली आहे. वर्गात उत्तर येत असूनही ती उठत नाही, गायनमंडळात मागच्या रांगेत उभी राहते. तिला “रूपात काय आहे?” असे म्हणून गप्प करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तिचे दात जरूर नीट व्हावेत. प्रश्न आहे तो कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती दात गमावून ते नीट करावयाचे, हा.

एक आकडा मनात ठेवावा. एडलहॉफ आणि सोरेन्सन ह्या दोन संशोधकांनी २००२ साली नमुन्याचे दात तासण्यापूर्वी व तासल्यानंतर तोलून पाहिले. पूर्ण कॅपसाठी दाताच्या बाहेर दिसणाऱ्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग तासून जातो, असे त्यांना आढळले. त्याऐवजी पुढच्या बाजूवर चिकटवावयाचा चिनी मातीचा पातळ पापुद्रा, ज्यास व्हिनीअर म्हणतात, तो बसवावयाचा असेल तर प्रकारानुसार ३ ते ३० टक्के भाग जातो. दात निरोगी असून केवळ वाकडा आहे, म्हणून त्याचा दोनतृतीयांश भाग भुकटी करून टाकणे हा सौदा कसा आहे, हे वाचकांनीच ठरवावे. तासलेला भाग पुन्हा उगवत नाही. काही दातांची नस ह्या तासण्याने पुढे मरते आणि मग रूट कॅनाल करावे लागते. शिवाय कॅप काही जन्मभर टिकत नाही. विसाव्या वर्षी बसवलेली कॅप आयुष्यात अनेकदा बदलावी लागते आणि दर खेपेस आतला दात आणखी थोडा झिजतो.

मग दुसरा मार्ग कोणता? तो समजण्यासाठी समोरचा दात कशावर उभा आहे ते पाहिले पाहिजे. आपल्याला दिसते ते पांढरे टोक. त्याच्याभोवती हिरडीची कमान असते, हिरडीच्या आत हाड, हाडात मूळ, मुळात नस. हे सर्व जबड्यात बसलेले, आणि जबड्यावर ओठाचा पडदा. दात वाईट दिसतो तेव्हा दोष ह्यांपैकी कोठेही असू शकतो. म्हणूनच दंतवैद्यकात वेगवेगळ्या शाखा झाल्या. आपल्या देशात बी.डी.एस. झाल्यावर पुढे एम.डी.एस. करणाऱ्यांसाठी नऊ शाखा आहेत. तारा लावून दात सरकवणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, हिरडी व हाड पाहणारा पेरिओडॉन्टिस्ट, नस व भराव पाहणारा एंडोडॉन्टिस्ट, कॅप, ब्रिज व कवळी करणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट, जबड्याची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि लहान मुलांचा दंतवैद्य, एवढे सहा आजच्या विषयाशी निगडित आहेत. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. कामे लक्षात ठेवावीत.

हे सर्व एकमेकांशी बोलले पाहिजेत, ही गोष्ट ऐकण्यास सोपी व घडण्यास अवघड आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील तिघांनी तिची पद्धत बांधून दिली. फ्रँक स्पिअर हे प्रोस्थोडॉन्टिस्ट, व्हिन्सेंट कोकिच हे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि डेव्हिड मॅथ्यूज हे पेरिओडॉन्टिस्ट. समोरच्या दातांच्या सौंदर्याविषयी ह्या तिघांनी मिळून लिहिलेला लेख २००६ साली अमेरिकन दंतवैद्य संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आधी सर्वांनी एकत्र बसून शेवट ठरवावा. वरच्या दोन मधल्या दातांची टोके ओठाखाली कोठे यावयास हवीत, तेथपासून विचार सुरू करावा. मग हिरडीची रेषा, मग चावा, मग कोणता दात किती दुरुस्त करावयाचा. काम मात्र उलट दिशेने सुरू होते: आधी दुखणे, कीड व हिरडीचा रोग बरा करावयाचा आणि रूप सर्वांत शेवटी. गवंडी पाया खणण्यापूर्वी छपराची उंची विचारून घेतो, तसेच हे.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते आपल्या खेड्यांतही आढळते आणि त्यात सर्व शाखांची गाठ पडते.

समजा, तेरा वर्षांची मुलगी आहे. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन छोटे दात तिला आलेच नाहीत. आई म्हणते, “उशिरा येतील.” एक्स-रे काढल्यावर कळते की हाडात दातांचे बीजच नाही. शंभर माणसांत साधारण दोघांना असे असते, आणि पुष्कळदा ते घराण्यात चालत येते. आजोबांच्या तोंडातही तीच फट असते. अशा मुलीचे मधले दोन दात एकमेकांपासून दूर सरकलेले असतात आणि सुळे भलत्याच जागी आलेले असतात.

येथे दोन रस्ते फुटतात. पहिला रस्ता असा की सुळे तारांनी पुढे ओढून रिकाम्या जागी आणावयाचे व फट बंद करावयाची. मग कृत्रिम दाताची गरजच उरत नाही. परंतु सुळा हा सुळाच असतो: टोकदार, रुंद आणि रंगाने पिवळसर. त्याचे टोक गोल करून बाजूने भराव लावावा लागतो, क्वचित रंग उजळावा लागतो. त्याची हिरडीही वर चढलेली असते. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट तो दात किंचित खाली ओढतो, म्हणजे हिरडी त्याबरोबर खाली येते. आणि मागची उपदाढ किंचित वर ढकलतो, म्हणजे ती सुळ्याची जागा शोभून घेईल. हे बारकावे तारा लावणाऱ्याने आधीच मनात धरले नाहीत, तर शेवटी भराव लावणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

दुसरा रस्ता असा की जागा मोकळी करावयाची आणि तेथे कृत्रिम दात बसवावयाचा. पालकांच्या मनात लगेच इम्प्लांट येते, म्हणजे हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूवरचा दात. येथे सर्वांत मोठी चूक घडते ती वयाची. इम्प्लांट हाडाशी एकजीव होते, त्यामुळे वाढत्या जबड्याबरोबर ते सरकत नाही. शेजारचे खरे दात वाढीबरोबर खाली येतात आणि इम्प्लांटचा दात मागे, वर राहून जातो. चार-पाच वर्षांत तो आखूड दिसू लागतो. म्हणून चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावयाचे असते. मुलींत ही वाढ बहुधा सतराव्या वर्षानंतर व मुलांत विशीच्या सुमारास थांबते. तरी वयावर विसंबून न राहता काही महिन्यांच्या अंतराने डोक्याचे बाजूने एक्स-रे काढून, त्यांत फरक नाही हे पाहून मगच पुढे जावे.

मधली वर्षे कशी काढावयाची? त्यासाठी शेजारच्या दाताच्या मागील बाजूस चिकटवलेला पातळ पंखाचा ब्रिज करता येतो. त्यात दात तासावा लागत नाही किंवा फारच थोडा तासावा लागतो. चिकटवण्याची ही विद्या १९५५ सालापासूनची आहे. रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर ह्यांनी दाताच्या बाहेरील कठीण कवचावर, म्हणजे इनॅमलवर, फॉस्फरिक आम्ल क्षणभर लावले तर त्यावर भराव घट्ट चिकटतो, हे त्या वर्षी दाखवले. आज समोरच्या दातांची जी सौम्य दुरुस्ती शक्य आहे, ती पुष्कळशी त्या एका शोधावर उभी आहे.

आणखी एक खाच ध्यानात घ्यावी. तारांनी जागा मोकळी करताना बाहेर दिसणारे दात दूर गेले, पण हाडातील मुळे एकमेकांकडे झुकलेलीच राहिली, असे पुष्कळदा होते. आरशात जागा दिसते, हाडात ती नसते. इम्प्लांट आणि शेजारचे मूळ ह्यांत निदान दीड मिलिमीटर अंतर हवे. तारा काढून टाकल्यावर सर्जन एक्स-रे पाहतो आणि मान हलवतो. मग मुलीला पुन्हा तारा! दोन डॉक्टरांनी तारा काढण्याच्या आदल्या महिन्यात एक फोन केला असता तर हे टळले असते. तसेच, सुळा मधल्या दाताजवळ उगवला असेल तर घाईने तो मागे ढकलू नये, असे कोकिच शिकवीत. सुळा त्या जागेतून उगवला की हाड रुंद होते. नंतर त्याला मागे सरकवले तरी ते हाड मागे राहते आणि पुढे इम्प्लांटच्या उपयोगी पडते.

इतका वेळ, इतके पैसे? होय, लागतात. पण ह्याच मुलीचे विसाव्या वर्षी चार निरोगी दात तासून सहा दातांचा ब्रिज बसवणाऱ्याचाही खर्च कमी नसतो. तो फक्त एकदम दिसत नाही.

हिरडीकडे आपले लक्ष सहसा जात नाही, पण हसण्याची चौकट तीच. मधल्या दोन दातांची व सुळ्यांची हिरडी एका उंचीवर आणि त्यांमधल्या छोट्या दातांची सुमारे एक मिलिमीटर खाली, अशी रेषा डोळ्यांस गोड वाटते. हसताना हिरडी फार दिसते अशी तक्रार घेऊन माणूस येतो, तेव्हा कारणे निरनिराळी असतात. कोणाच्या दातावर हिरडी चढलेलीच राहिलेली असते, कोणाचा वरचा ओठ आखूड किंवा फार उचलला जाणारा असतो, कोणाचे दात झिजता झिजता खाली आलेले असतात, कोणाचा वरचा जबडाच लांब असतो. पहिल्याला हिरडीची लहानशी शस्त्रक्रिया पुरते. तिसऱ्याला तारांनी दात वर ढकलावे लागतात. चौथ्याला जबड्याची मोठी शस्त्रक्रिया. चौघांचे फोटो सारखेच दिसतात! म्हणून फोटो पाहून उपाय सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

हिरडीचा दुसरा नियम कॅपविषयी आहे. दात व हाड ह्यांच्यामध्ये हिरडीचा सुमारे दोन मिलिमीटरचा एक चिकट पट्टा असतो. १९६१ साली गार्जिउलो व सहकाऱ्यांनी तो मोजला. दोष झाकण्यासाठी कॅपची कड त्या पट्ट्यात घुसवली, तर हिरडी लाल होऊन सुजते आणि घासताना रक्त येते. पुष्कळांना वाटते, कॅपला गंज चढला. गंज नव्हे, शरीर आपली जागा परत मागत असते. दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणालाही हिशेब आहे. दात जेथे एकमेकांस टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर तो त्रिकोण जवळजवळ नेहमीच भरलेला असतो. सहा झाले की निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, आणि सात झाले की चारांत एकाच ठिकाणी. हे टार्नो व सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. अशी काळी खिडक हिरडी ओढून बंद होत नाही. दात सरकवून टेकण्याची जागा हाडाजवळ आणावी लागते. पाहा, तक्रार हिरडीची, उपाय तारेचा.

ह्याउलटही घडते. चाळिशी ओलांडलेली एखादी आई सांगते, “पूर्वी माझे दात जुळलेले होते, आता पुढे येऊन विरळ झाले.” आपल्या बाजूस मिशरीची सवय असलेल्या घरांत हे विशेष पाहावयास मिळते. तंबाखूने हिरडीचा रोग बळावतो, आतले हाड खचते आणि ओठ-जिभेच्या दाबाने दात पंख्यासारखे पसरतात. अशा दातांना आधी तारा लावल्या तर उरलेले हाडही जाते. आधी मिशरी बंद, मग पेरिओडॉन्टिस्टकडून खोल सफाई, हिरडी शांत झाल्याची खात्री, आणि त्यानंतरच हलक्या हाताने तारा. हा क्रम बदलण्यास आम्ही कोणत्याही सणाचे वा लग्नाचे निमित्त पुरेसे मानीत नाही.

हैदराबादकडील आमच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. नलगोंडा जिल्ह्यातील जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड फार, हे जुने दुखणे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. समोरच्या कायमच्या दातांचे कवच जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घडते. त्या काळात मूल ते पाणी पिते आणि सातव्या वर्षी दात उगवतात ते खडूसारखे किंवा तपकिरी डागांचे. हे डाग घासून जात नाहीत, म्हणून मुलास “दात घासत नाहीस” असे रागावणे अन्यायाचे आहे. वरवरचे डाग उजळवून किंवा अत्यंत पातळ थर घासून फिके होतात. खोल डागांवर भराव किंवा मोठेपणी व्हिनीअर. आणि पाठच्या भावंडाचे पाणी त्याच दिवशी बदलावे.

लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळदा काहीच न करणे हाच उपचार असतो. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान मधल्या दोन दातांत फट असणे स्वाभाविक आहे. ब्रॉडबेंट ह्यांनी १९३७ साली ह्या अवस्थेस ‘कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था’ असे नाव दिले. सुळे उगवले की लहान फट बहुधा आपोआप मिटते. सुळे आल्यावरही ती मोठी राहिली, तर मात्र ओठाची जाड दोरी दातांमध्ये उतरली आहे काय हे पाहावे. ती कापावयाची असल्यास सामान्यतः तारांनी फट मिटवल्यावर कापतात.

पेरूच्या झाडावरून पडून किंवा सायकलवरून आपटून समोरचा कायमचा दात समूळ निघाला, तर त्याचे मूळ हाताने न धरता, न घासता, दुधात घालून मुलासह तत्काळ दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात पोहोचल्यास तो पुन्हा बसण्याची आशा चांगली असते. जागीच ताबडतोब बसवता आला तर त्याहून उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवीत नाहीत. दात हिरडीखाली तुटला तर “काढून टाका” हेच एक उत्तर नसते. ऑस्ट्रेलियाचे हीदरसे ह्यांनी १९७३ साली दाखवले की नसेचा उपचार करून, उरलेले मूळ तारांनी हळूहळू खाली ओढून त्यावर कॅप बसवता येते. एका मुळासाठी तीन डॉक्टर!

अनेकांनी मिळून एकाच्या तोंडाचा विचार करण्याची ही रीत प्रथम दुभंगलेल्या ओठाच्या व टाळूच्या मुलांसाठी रुजली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे हर्बर्ट कूपर ह्या ऑर्थोडॉन्टिस्टने १९३८ साली त्यांच्यासाठी संयुक्त दवाखाना काढला. आपल्या देशात त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात डॉ. हिरजी एडनवाला ह्यांनी १९५९ पासून पुढे अनेक दशके हीच सेवा केली. तेथील केंद्रास त्यांचे गुरू डॉ. चार्ल्स पिंटो ह्यांचे नाव आहे. अशा मुलाच्या ओठाची शस्त्रक्रिया तान्हेपणी होते, टाळूची साधारण वर्षाच्या सुमारास. पण समोरच्या दातांचे काम तेथे संपत नाही. नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा उगवण्यापूर्वी, हिरडीच्या भेगेत हाड भरावे लागते. ती वेळ चुकली तर सुळ्याला उतरावयास हाडच नसते. “ओठ शिवला, आता झाले” असे समजून मूल पुन्हा दाखवले नाही, असे घडू देऊ नये.

जावे कोठे? ज्या दंत महाविद्यालयात सर्व विभाग एका आवारात आहेत, तेथे गरिबास हा मार्ग सर्वांत सुलभ. गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय १९८० सालचे, बेळगावात के. एल. ई. संस्थेचे १९८५ सालचे, इंदूरचे शासकीय महाविद्यालय १९६१ सालचे व हैदराबादचे १९५९ सालचे. तेथे फी खाजगी दवाखान्यापेक्षा कमी, मात्र वेळ अधिक. पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातात, तेव्हा आपली फाइल, एक्स-रे व दातांच्या ठशांची नोंद जपून ठेवावी आणि नव्या डॉक्टरास पहिल्याच भेटीत दाखवावी. खाजगी दवाखान्यात जावयाचे तर पहिला दात तासण्यापूर्वी एवढेच विचारावे: शेवट कसा दिसेल तो मेणाच्या नमुन्यावर दाखवाल काय, आणि ह्यात आणखी कोणाचे मत घेतले? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने रागावत नाही. तो दातांवर तात्पुरता भराव लावून आरशात भावी रूपही दाखवतो, आणि पसंत नसेल तर तो काढून टाकतो.

लग्न अगदी जवळ आले असेल तर? सफाई करून घ्यावी, कीड भरावी, काळा पडलेला दात आतून उजळता येतो काय ते विचारावे, लहान फट भरावाने बुजवावी. ह्यांपैकी पुढचा मार्ग बंद करणारे काहीही नाही. बाकीचे लग्नानंतर; सासरच्या गावीही दंतवैद्य असतात. शिवाय कोकिच व सहकाऱ्यांनी १९९९ साली फोटोंत मुद्दाम दोष घालून लोकांस दाखवले, तेव्हा दातांची मधली रेषा चार मिलिमीटर एका बाजूस सरकलेली असूनही सामान्य माणसांच्या ती ध्यानात आली नाही. आरशासमोर तासभर उभी राहणारी मुलगी जे पाहते, ते पंगतीतल्या पाहुण्यांस दिसतही नाही.

तारा निघाल्यावर समोरच्या दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवतात किंवा रात्री लावावयाची पट्टी देतात. मिटवलेली फट पुन्हा उघडण्यास फार आतुर असते, म्हणून ही तार वर्षानुवर्षे ठेवावी लागते. तिच्यामागे अन्न साचते. तेथे बारीक ब्रश रोज फिरवावा. तिचे एखादे टोक सुटले तर ते आधी जिभेला कळते. त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे, पुढच्या जत्रेच्या खरेदीबरोबर ते काम जोडू नये.